परात वाजली की धावणारी पिल्लं

मला कुत्र्यांची भीती वाटते. बावीस वर्षं कुत्री पाळली, त्यांची बाळंतपणं केली, पिल्लं दिली-घेतली, तरी वाटते. नांदेडात आमच्या गल्लीत मला कुत्रेवाली मावशी म्हणतात आणि त्यांना वाटतं, ही बाई वाघाच्या तोंडातसुद्धा हात घालील. घालते ना मी हात, जंताची गोळी द्यायची असते तेव्हा. पण आधी दोनदा हात मागं येतो, मग पुढं जातो. पिल्लू न्यायला आलेला एखादा म्हणाला, "मावशी, आपल्याला भीती काय असती तेच ठाव न्हाई," की मी त्याला चहा पाजायची आणि रिकाम्या हातानं वाटेला लावायची. ज्याला भीती ठाऊक नाही त्याच्या घरी ही जात द्यायची नाही, हा माझा नियम.

जात म्हणजे गुलटेर. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी नाव ऐकलं नसेल, म्हणून सांगते. तिकडे इंग्लंडात पूर्वी बैलाच्या नाकाला लटकणारा एक कुत्रा होता आणि बिळात घुसून घुशी मारणारा दुसरा. एकाची पकड, दुसऱ्याची चपळाई. कुणीतरी त्यांची सोयरीक जुळवली आणि बुल टेरियर झाला. मग तिथल्या साहेबलोकांना तो पांढराशुभ्र हवा झाला, म्हणून त्यात पांढरी आणि ठिपक्यांची कुत्री मिसळली. गोरे अंमलदार ती घेऊन इकडे पंजाबात आले, तिथल्या उंच देशी कुत्र्यांत ते रक्त मिसळलं आणि आमची गुलटेर झाली. उभे कान, लांब पाय, सपाट कपाळ. फाळणी झाली तशी हिचीही अर्धी भावंडं तिकडे राहिली, अर्धी इकडे.

हे सगळं मला करतारभाऊनं सांगितलं. करतारभाऊ आमच्या शेजारचा सरदारजी, ट्रक चालवायचा. नांदेडात सरदार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांचं पंजाबला जाणं-येणं असतंच. एका फेरीत त्यानं केबिनमध्ये खोक्यात घालून एक पांढरी पिल्ली आणली. त्याच्या बायकोनं ती उंबऱ्याच्या आत घेतली नाही. "भाभी, दोन दिवस ठेव," म्हणून माझ्या ओट्यावर ठेवून गेला, ती पिल्ली चौदा वर्षं राहिली. राणी तिचं नाव. पुढची माझी सगळी पैदास त्या राणीची.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले. वंशावळ लिहून ठेवायची असते हे मला कुणी सांगितलं नाही आणि गरजही पडली नाही. आमची मावसनणंद कुणाच्या चुलतदिराला दिली हे बाईमाणसाला जसं तोंडपाठ असतं, तसं कुठलं कुत्रं कुणाच्या पोटचं हे मला पाठ. राणीची बिजली नात. सुलतान राणीच्या भावाच्या घराण्यातला, पंजाबातनंच आलेला, पांढरा. लोकं लातूर, उदगीर, पार निजामाबादकडून येऊन विचारायचे, मी न थांबता पाच पिढ्या सांगायची. त्याचा मला गर्व होता. होताच, खोटं कशाला बोलू.

गिऱ्हाईकंही एकेक. एक जण गळ्यात बोटाएवढी साखळी घालून आला. या कुत्र्यांच्या चोरून झुंजी लावणारे लोक असतात, त्यातला. पिल्लू उलटंपालटं करून मला विचारतो, "याच्या बापानं किती मारले?"

मी म्हटलं, "बापानं माझी दोन लुगडी फाडली दादा, बाकी काही न्हाई. चहा घेताव का?"

त्यालाही चहावरच वाटेला लावला. पण तो गेल्यावर मी माझ्या कुत्र्यांकडे लांबूनच बघत बसले. कारण त्यानं विचारलं ते या रक्तात आहेच. गुलटेर फार भुंकत नाही, गुरगुरत नाही. माझ्याकडची तरी अशीच, चिडून कधी चावली नाहीत. दचकली की चावतात, आणि धरलं की सुटत नाही. म्हणून माझ्याकडची रीत अशी, की झोपलेल्या कुत्र्याला लांबून हाक मारायची, त्यानं डोळे उघडून आपल्याला बघितलं की मगच हात लावायचा. पिल्लू नेणाऱ्या प्रत्येकाला मी हे तीन-तीनदा सांगायची.

आता माझी चूक सांगते.

करतारभाऊ म्हातारपणी लेकाकडे पंजाबला राहायला गेला. जाताना म्हणाला होता, "भाभी, सुन. पांढऱ्याला पांढरी लावू नको. दोघांपैकी एकाच्या तरी अंगावर रंग पाहिजे."

"का हो?"

"आमचे उस्ताद सांगायचे, नको म्हणून नको."

कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. मी बरीच वर्षं ऐकलं. पण येणारा प्रत्येक जण म्हणायचा, मावशी, पूर्ण पांढरा पाहिजे, एक डाग चालणार न्हाई. बिजली पांढरी, सुलतान पांढरा, दोघं देखणे. पाच वर्षांखाली मी दोघांना लावलं. बिजली व्यायली, सहा पिल्लं. दोन ठिपक्यांची, चार अशी पांढरी की पिंजलेला कापूस.

पिल्लं पारखायची माझी एक पद्धत होती. सव्वा महिन्याची झाली की दूधभाकरी कालवायची, परात अंगणात ठेवायची आणि तिच्या काठावर पळी वाजवायची. पिल्लं कुठंही असोत, धावत आली पाहिजेत. कान चांगले, पाय चांगले, भूक चांगली, तिन्ही परीक्षा एकदाच. मला ही पद्धत कुणी शिकवली नव्हती, मीच काढली होती, म्हणून जास्तच आवडायची. या खेपेलाही सहाच्या सहा धावत आली. मी खूश.

त्यातला एक पांढरा नर निलंग्याकडच्या दिगंबरनं नेला. दिगंबर शेतकरी, साधा माणूस. बायको सुरेखा बरोबर आली होती, कडेवर लेकरू.

"केवढी हो ही?"

"सा महिन्याची. परी नाव हाय."

लेकरू असलेल्या घरी देताना मी दहा वेळा विचार करायची. पण म्हटलं, पिल्लू आणि पोरगी संगट वाढतील, एकमेकांची सवय होईल. त्यांनी त्याचं नाव कापशा ठेवलं. मी एक पांढरी मादी घरी ठेवली, तिचं नाव चांदी.

वर्षानं, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, सुरेखाचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, मग म्हणाली, "मावशी, कापशा लई शांत हाय बरं का. काल दारातच पोरांनी सुतळी बॉम्ब लावले, ह्यो आपला घोरून राहिला. कुकरची शिट्टी होऊ द्या, डीजे वाजू द्या, ढिम्म हलत न्हाई."

मी खळखळून हसले. म्हटलं, "रक्तच तसलं हाय गं त्याचं. भ्यायचं ठावच न्हाई."

 ती नुसतं "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रऊफभाई आले. जनावरांच्या दवाखान्यात सगळी नोकरी त्यांनी मलमपट्टी करण्यात घालवली, आता रिटायर झालेत, पण माझ्या कुत्र्यांना इंजेक्शन तेच द्यायचे. चांदीचं इंजेक्शन होतं. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सुतळी बॉम्बची गोष्ट सांगितली.

रऊफभाईंनी भरलेली सुई खाली ठेवली. "कानसुद्धा हलवला नाही?"

"नाही म्हणते ना."

"आपा, तुम्ही पिल्लांचे कान कसे बघता?"

मी परातीचं सांगितलं.

"सगळी एकत्र असताना?"

"मग काय एकेकाला वेगळं जेवायला वाढू?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "एक धावलं की बाकीची त्याच्या मागं धावतात आपा. ज्याला ऐकू येत नाही तेही धावतं. पूर्ण पांढऱ्यांत बहिरी निपजतात, मी दवाखान्यात पाहिलीत. बाकीची कुत्री बाहेर बांधा बघू."

बाकीची बांधली. खोलीत एकटी चांदी, भिंतीकडे तोंड करून पडलेली. रऊफभाईंनी तिच्या मागं उभं राहून टाळी वाजवली. काही नाही. मी नाव घेऊन हाक मारली. काही नाही. मग तीच परात आणली आणि हातात अधांतरी धरून पळी मारली, ठणाणा. माझे कान बसले. चांदी झोपून राहिली.

मला ते पटेना. वर्षभर ही माझ्या घरात, माझ्या हाकेला येते! येत होती ती इतर कुत्र्यांना बघून, हे आत्ता कळतंय. तेव्हा मला वाटलं, सुस्त झालीय, बरं नसेल तिला. मी गेले आणि मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. रऊफभाई "आपा!" म्हणेपर्यंत माझं मनगट तिच्या जबड्यात होतं.

आवाज नाही, गुरगुर नाही. तिनं वळून डोळे वर केले, मी आहे हे बघितलं आणि लगेच सोडलं. मग कोपऱ्यात जाऊन थरथरत बसली. माझ्या हाताला चार भोकं. रक्त धुताना रऊफभाई काही बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. माझ्यापुढं एकच दिसत होतं. हिचा भाऊ, हेच दात, आणि दीड वर्षाची पोरगी. माझं मनगट म्हणजे त्या लेकराची मान.

दिगंबरला फोन लावला, बंद. सुरेखाचा लागतच नव्हता. सोयाबीनची रास, मळणी चालू असेल, सगळे शेतात. रऊफभाई म्हणाले, "दुपारनं परत लावू." मी म्हटलं, मी दुपारपर्यंत थांबू शकत नाही. टाक्याला आणि सुईला जेवढा वेळ लागला तेवढाच, मग हाताला पट्टी बांधून लातूरची एसटी धरली.

त्या प्रवासाचं काय सांगू. अहमदपूर आलं तरी माझा फोन कानालाच. शेजारी एक बाई बसली होती, पिशवीतनं चकल्या काढून मलाही दिल्या.

"कुठं निघालाव?"

"निलंग्याला."

"लेकीकडं?"

"हाव," म्हटलं. दुसरं काय सांगणार? की मी एका घरी दात धाडलेत आणि ते परत आणायला चाललेय?

"हाताला काय झालं?"

"पाटा पडला."

चकली तशीच हातात राहिली. मनात सारखी राणीपासूनची उजळणी चाललेली. राणीच्या पोटची चार पांढरी, बिजलीच्या आईची तीन. किती घरी दिली मी? सगळ्यांना परात वाजवूनच दिली. ज्या पाच पिढ्या मी गर्वानं सांगायची, त्यातलं एकेक नाव आता भीती घालत होतं.

लातूरला गाडी बदलली, औसा मागं गेलं, निलंग्याहून जीपनं त्यांच्या गावी पोचले तेव्हा चार वाजले असतील. शाळेच्या मागं शेवटचं घर. फाटक उघडं. अंगणात लिंबाखाली बाज, आणि बाजेवर कापशा झोपलेला, पाठ माझ्याकडे, पोट वरखाली होतंय. अंगणात मोठं माणूस कुणी नाही. आणि ओसरीची पायरी उतरून परी त्याच्याकडे चाललेली, हातात चपातीचा तुकडा.

मला ओरडता येईना. ओरडून कुत्र्याला ऐकू जाणार नव्हतं, आणि पोरगी दचकून पळाली असती तर नेमकी बाजेवर पडली असती.

परी बाजेपासून दोन हातांवर थांबली आणि तिनं एक अजब गोष्ट केली. दोन्ही पाय जोरजोरात जमिनीवर आपटले. पायातले वाळे वाजले. एकदा, दोनदा. मग शहाण्यासारखी थोडी थांबली आणि हात पुढं करून त्याच्या मानेकडे निघाली. कापशा हललाही नव्हता.

मी कशी धावले मला ठाऊक नाही. पोचले ती सरळ बाजेच्या खुराला लाथ घातली. बाज हादरली, कापशा हवेतच वळला आणि त्याचे दात बसले माझ्या खांद्याच्या पिशवीवर. पिशवी त्याच्या तोंडात ठेवून मी परीला एका हातानं उचलून मागं सरले. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली, आणि घरातून दिगंबरची आई काठी घेऊन बाहेर आली.

"अगं बया! कोण गं तू? झोपल्या कुत्र्याला लाथा घालाय आलीस व्हय?"

"आजी, मी नांदेडची. कुत्रेवाली."

तिला बघून कापशानं पिशवी टाकली आणि बाजेवरनं उतरला. आजीनं काठी खाली केली, पण तोंड नाही. "मग तर हायच तुमचं धाडस! भैऱ्या जनावराला असं उठवतेत का?"

 "तुम्हाला ठाऊक आहे?"

"दुसऱ्याच म्हैन्यात कळालं. भांडं पडलं तरी मान वळंना. मीच पोरीला शिकिवलं, आधी पाय आपट, भुई हादरली की त्याला कळतंय, त्यानं बघितलं की मग जवळ जा. वर्सभर कसं बेस चाललंय."

"मग मला फोन का नाही केला?"

"करून काय? तुमी ठाव असूनच दिला म्हणलं." आजी बाजेच्या कडेला टेकली. "काल सुनंनं फोन केला तवा मी बाजूलाच बसले हुते. मीच म्हणलं, फटाक्याचं सांगून बघ, आता तरी बाई खरं बोलती का. तुमी हसलाव."

मनगट ठणकत होतं, पण त्याहून जास्त लागलं ते हे. वर्षभर त्या घरात मी लबाड होते. आणि लबाड नसले तर कोण होते? तोऱ्यात परात वाजवणारी, काही न कळणारी बाई. दोन्हीपैकी कुठलं बरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी आजीच्या पायाशी बसले. पट्टी दाखवली, चांदीचं सांगितलं, परातीचं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आजी, आत्ता तुमची नात पाय आपटून गेली. दोनदा आपटले. तो उठला नाही."

"उठतोय की रोज."

"रोज भुईवर झोपत असेल. आज बाजेवर होता. भुईचा हादरा बाजेवर कुठून चढणार?"

 आपण बसलोय त्या बाजेकडे आजीनं बघितलं, सुंभावरनं हात फिरवला. मग उठली, माझ्याकडून परीला घेतलं आणि पदरात असं गुंडाळलं की पोरीचं तोंडसुद्धा दिसेना.

संध्याकाळी दिगंबर आणि सुरेखा शेतातनं आले. दिगंबर ऐकेना. "मावशी, घरचा हाय त्यो. आमी बाज मोडून टाकतो, पर कुत्रं न्हाई देत." सुरेखा रडायला लागली. मी हात जोडत होते आणि आतून भीतही होते, की हे नाही म्हणाले तर मी काय करणार. शेवटी आजी म्हणाली, "दिग्या, बाज मोडशील. उद्या त्यो गोणीवर झोपंल, परवा वैरणीवर. किती मोडशील?" आणि मला म्हणाली, "न्या."

दिगंबरनंच ओळखीच्यांची पिकअप आणली. कापशाला माझ्याबरोबर मागं बसवलं, स्वतः पुढं बसून नांदेडपर्यंत आला.

त्याला चार वर्षं झाली. कापशा आणि चांदी दोघं माझ्याकडे आहेत. दोघांचं ऑपरेशन करून घेतलं. सुलतान-बिजलीला परत लावलं नाही, कुणालाच लावलं नाही. धंदा त्या दिवशी बंद केला. मी मागून कधी जात नाही, तरी त्यांच्या जवळ जाताना अजून एकदा पाऊल थांबतंच.

परत आल्यावर मी आणि रऊफभाई फोन घेऊन बसलो. जुनी-नवी जेवढी घरं आठवली, तेवढ्यांना सांगितलं, की कुत्र्याला एकट्याला खोलीत ठेवा, मागं उभं राहा, काहीतरी हातात धरून वाजवा. कुणी हसले, कुणी शिव्या दिल्या, पण बहुतेकांनी केलं. जुन्यांपैकी दोन बहिरे निघाले. म्हातारे होते, घरात पोरंबाळं नव्हती, आणि त्यांच्या माणसांनी आपापली रीत बसवली होती. त्या वेतातल्या पांढऱ्या चारांपैकी औशाचा चांगला निघाला, त्याला ऐकू येतं.

राहिला चौथा. तो हदगावच्या एका माणसानं नेला होता. मी हदगावला पाच खेपा केल्या. त्यानं तो वर्षाच्या आत पाहुण्याला दिला, पाहुण्यानं बाजारात भेटलेल्या कुणाला तरी दिला, पुढं पत्ता लागत नाही. त्याला ऐकू येतं की नाही, मला ठाऊक नाही. धावत सगळ्यांत पुढं यायचा की सगळ्यांच्या मागून, हे आठवायचा मी फार प्रयत्न केला. पाच पिढ्या पाठ होत्या, पण हे मी बघितलंच नव्हतं.

या अंकात काहीतरी लिहा म्हणून विचारणा झाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते यासाठी. हा अंक हदगाव, किनवट, भोकर, सगळीकडे जातो. तुमच्याकडे किंवा शेजारी पाच वर्षांचा पांढरा गुलटेर असेल, उजव्या मागच्या पायाचं एक नख काळं, बाकीची गुलाबी, तर एवढं करा. तो झोपेत असताना कुणालाही मागून जवळ जाऊ देऊ नका. समोरून या, त्यानं डोळे उघडेपर्यंत लांब थांबा. आणि घरात लेकरू असेल तर थांबूसुद्धा नका, अंकवाल्यांना कळवा, माझा पत्ता त्यांच्याकडे आहे. मी त्याच दिवशी गाडी धरीन.